आधी दारू की आधी आजार? कोकणातले अनुभव लिहा

घरात व्यसन आणि मनाचा आजार एकत्र आले की नातेवाइकांची पहिली पंचाईत हीच: "प्यायला म्हणून बिघडला, की बिघडला म्हणून प्यायला?" रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात भावाला घेऊन जाते, तिथे रांगेत बसलं की बाकाबाकावर हाच वाद. माझं मत विचाराल तर वाद मिटेपर्यंत थांबू नये, दोन्हींवर एकदमच उपचार हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येतच घेतल्यात, पण वाडीपर्यंत ते पोचलेलं नाही. रायगड ते वेंगुर्ला, कुणीही लिहा. टोपणनाव चालेल. डॉक्टरांची नावं आणि गोळ्यांचे डोस मात्र नकोत.

हर्णैकरीण
आमचे हे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे मुख्य. हंगामात रोज संध्याकाळी लागायचीच, पण कामाला खाडा नाही, म्हणून व्यसनी कुणी म्हटलं नाही. १ जूनला मासेमारी बंद झाली, सासऱ्यांनी शपथ घातली आणि ह्यांनी एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, बनियन घामाने चिंब. तिसऱ्या रात्री उठून बसले आणि चादरीतून मासळी सोडवायला लागले. बोटांनी जाळ्याचे फास मोकळे करायचे, एकेक मासा बाजूला टाकायचे, "टोपली सरकव गं" म्हणून ओरडायचे. शेवटी मी परात पुढे केली तेव्हा जरा गप्प झाले. जाऊबाई म्हणाल्या, दर्यावरचं काहीतरी लागलंय, भगताला बोलवा. दिराने १०८ ला फोन लावला.

रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की दोन-तीन दिवसांनी असं होऊ शकतं, जिवावरही बेततं, घरच्या घरी सोडवू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं. सलाईनमधून ब-१ जीवनसत्त्व दिलं. भास गेले. पण महिना झाला तरी जेवण नाही, झोप नाही, पोरांशी बोलणं नाही. नुसती दारू सुटल्यावरही काही दिवस माणूस उदास राहतो, म्हणून डॉक्टरांनी थोडी वाट पाहिली आणि मगच नैराश्याची गोळी सुरू केली. बोलता बोलता निघालं की बोट उलटून सोबतचा खलाशी गेला, तेव्हापासून ह्यांना झोपच नव्हती. झोप यावी म्हणून प्यायचे. आता दोन्हींची औषधं चालू आहेत. बंदी उठली की बोटीवर जाणार म्हणतात. मला धास्ती आहे ती तिथल्या संगतीची.

रोखठोक
नैराश्य-बिराश्य ही शहरातली थेरं. आमच्या आज्याने माडी पिऊनच नव्वदी गाठली. मन खंबीर पायजे.

हर्णैकरीण
या एकदा परात धरायला.

सावंतवाडीची चाकरमानी
भाऊ गावाला असतो. कॉलेजात गांजा लागला, मग आवाज ऐकू यायला लागले. आईने देवळात गाऱ्हाणं घातलं, तर गुरवच म्हणाला, "ह्या माझ्यान होवचा नाय, डॉक्टराक दाखवा." देव त्याचं भलं करो. घरच्यांनी सगळं खापर गांजावर फोडलं. गांजा सुटला, बरा दिसायला लागला, म्हणून गोळ्याही बंद केल्या. गांजाला शिवला नव्हता तरी आवाज परत आले. काहींच्यात आजाराचा कल आधीपासून असतो, गांजा तो लवकर वर काढतो, असं डॉक्टरांनी समजावलं.

अजून एक, हे कुणी आपणहून सांगत नाही. त्याला ओलान्झापिन चालू आहे, आवाज-भासांवरची गोळी. सिगरेटच्या धुराने शरीर हे औषध लवकर संपवतं. वॉर्डात सिगरेट बंद, तर त्याच गोळीवर दिवसभर पेंगायचा. घरी येऊन पाकीट सुरू झालं की तीच गोळी कमी पडायची. बिडी-सिगरेट सोडताना किंवा परत धरताना डॉक्टरांना सांगा.

वाशिष्ठीकाठची
दारूचंच बोलताय सगळे. मी चिपळूणची. जुलै २०२१ च्या पुरानंतर पावसाचा जोर वाढला की छातीत धडधड सुरू व्हायची. झोपेची गोळी थोड्या दिवसांसाठी मिळाली होती. पुढे मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतो? बाटली नाही, वास नाही, घरात कुणाला पत्ता नाही. एकदा स्वतःच बंद केली तर धडधड दुप्पट, रात्रभर टक्क जागी. ह्या गोळ्या अचानक तोडल्या तर आकडीसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांनी काही महिने घेऊन थोड्याथोड्याने कमी केल्या, आणि भीतीवर वेगळे उपचार केले. पावसाळ्यात अजून रात्री उठून नदी बघून येते, पण गोळीशिवाय.

पालखीवाला
मला बायपोलर, म्हणजे कधी मन उधाणतं, कधी पार खचतं. दारू सुटली होती. दारू सोडणाऱ्यांच्या गटातल्या एका जुन्या माणसाने सांगितलं, "गोळ्या म्हणजे पण नशाच, त्यापण सोड." बायपोलरचं औषध, लिथियम, सोडलं. शिमग्यात रात्र रात्र पालखी नाचवली, लोक म्हणाले काय भक्ती! मग पैसे वाटायला लागलो, मग पुन्हा बाटली. ज्याला औषधातलं कळत नाही त्याने औषधावर बोलू नये, एवढंच.

नवीन सदस्य
खेडहून लिहितोय. भावाने परवापासून घेतली नाही, हात थरथरतायत, कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे म्हणतो. सकाळपर्यंत थांबू का?

धागाकर्ती
थांबू नका. आत्ता १०८ लावा, त्याला एकटं सोडू नका, कोंडूही नका. शेवटची कधी घेतली, आधी कधी आकडी आली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून सोबत न्या. संकट निभावलं की मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात. पोचलात की इथे कळवा.