मदत हवी आहे: हांगझौच्या आर्किटेक्चर स्टुडिओत कोणी शिकलंय का?

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला डिझाइन शिकवते. हांगझौच्या चायना अकॅडमी ऑफ आर्टमध्ये वांग शू आणि लू वेनयू या आर्किटेक्ट जोडप्याने जी शिकवण्याची पद्धत रुजवली, तिची आतली माहिती हवी आहे. वांग शू यांना २०१२ चं प्रिट्झकर (आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा पुरस्कार) मिळालं, अकॅडमीच्याच शियांगशान कॅम्पससाठी त्यांनी पाडलेल्या घरांची लाखो जुनी कौलं वापरली, हे वाचून झालंय. इमारतींचे फोटो रग्गड मिळतात. वर्गात काय चालतं ते कुठेच धड सापडत नाही.

तिथे मुलांना सुरुवातीलाच सुतारकाम, विटांचं बांधकाम हाताने करायला लावतात. मग ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) मार्क कशाला? सांधा नीट बसला याला, की ड्रॉइंगला? कारागीर स्वतः वर्गात येऊन शिकवतात का? आणि सुलेखनाचा सराव डिझाइनला खरंच जोडलेला असतो, की वेगळा विषय म्हणून उरकतात? (आमच्याकडे वर्कशॉपचा तास म्हणजे बहुतेकदा उरकणंच.)

कोणी तिथे शिकलं असेल, एक्स्चेंजवर गेलं असेल तर प्लीज लिहा. विद्यार्थ्यांच्या कामाचे फोटो, असाइनमेंटचा कागद, काहीही चालेल. चिनीत असलं तरी हरकत नाही, भाषांतर मी करून घेईन.