पांढऱ्या लॅपटॉपला चटणी लागलीय, कशानं पुसू?

मंगळवारपेठकरीण
उन्हाळ्यात आमच्याकडं वर्षाच्या चटणीच्या ऑर्डरी असतात. (बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) मिरच्या भाजायच्या, डंकावर कांडून आणायच्या, पाकिटं भरायची, आणि मधेच उठून लॅपटॉपवर पत्ते टायपायचे. लॅपटॉप धाकट्या दिराचा, जुना, पांढऱ्या प्लास्टिकचा. लेबलं छापण्यापुरता अजून झकास चालतो, म्हणून टाकवत नाही.

पण अवतार बघवेना. मनगटं टेकतात तिथं दोन्हीकडं करडे-तपकिरी पट्टे. टचपॅडच्या कडेनं केशरी रेघ, एंटरवर हळद. झाकण तर अख्खंच पिवळट. लेकीनं लावलेला गोल स्टिकर परवा काढला, तर खाली पांढराशुभ्र चंद्र निघाला!

भांड्याच्या साबणाचं ओलं फडकं फिरवलं, थोडं निघालं. मग नवऱ्यानं टूथपेस्ट सुचवली. डाग तिथंच, चकाकी गेली, ‘एन’ अक्षर अर्धं पुसलं. नेलपॉलिश रिमूव्हर हातात घेतला होता, तेवढ्यात जाऊबाईंनी हात धरला.

साचेवाला, उद्यमनगर
ताई, जाऊबाईंना चहा पाजा. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं. या लॅपटॉपचं प्लास्टिक पॉलिकार्बोनेट जातीचं असो नाहीतर एबीएस, ॲसिटोननं पृष्ठभाग मऊ पडतो, पांढुरका होतो, बारीक तडे जातात. त्याला इलाज नाही. थिनरचंही तेच.

मनगटाचे पट्टे म्हणजे घाम, तेल आणि धूळ, वर्षानुवर्षं दाबून बसलेली. मोबाईल रिपेअरिंगवाले वापरतात ते आयपीए घ्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्क्यांचं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर. आयपीए कापडावर घ्यायचं, लॅपटॉपवर ओतायचं नाही. आधी पोटाखालच्या कोपऱ्यात घासून बघा. बटणांच्या फटीत कानातल्या कापसाची काडी, ती पण पिळून. अक्षरांवर जोर नको, ‘एन’ची गत माहितीच आहे. स्क्रीनला हे लावू नका, तिथं नुसतं किंचित ओलं मऊ फडकं.

त्यानंही नाही निघालं तर मेलामाइनचा पांढरा स्पंज मिळतो. पण तो म्हणजे बारीक पॉलिशपेपरच. खरबरीत भागावर हलक्या हातानं, चकचकीत झाकणावर अजिबात नाही.

सांगलीची
हळदीला कशाला एवढा खटाटोप? डब्याला हळद लागली की आपण काय करतो, उन्हात ठेवतो. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. लॅपटॉप गच्चीवर ठेवा दोन दिवस.

साचेवाला, उद्यमनगर
अहो, गच्चीवर नको! मे महिन्याच्या उन्हात बॅटरी फुगायची. आणि झाकण पिवळं कशानं झालं? स्टिकरखालचा चंद्र काय सांगतोय? जिथं उजेड पोचला नाही तिथलं प्लास्टिक पांढरं राहिलं. ती घाण नव्हे, प्लास्टिकच पिवळं पडलंय, पुसून जाणार नाही. जुने कॉम्प्युटर जमवणारे पार्लरमधलं १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड क्रीम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवतात. पण त्याला सगळं खोलून सुटं करावं लागतं, हातमोजे लागतात, चट्टेपट्टे पडतात आणि पिवळेपणा बऱ्याचदा परतही येतो. लेबलं छापायच्या मशीनसाठी मी तरी नाही करणार.

हळदीबाबत मात्र सांगलीकर बरोबर. लॅपटॉप घरातच, खिडकीजवळ पण उन्हाच्या तिरिपेबाहेर उघडा ठेवा. सावकाश उतरेल.

मंगळवारपेठकरीण
केलं. आयपीए राजारामपुरीतल्या दुकानात मिळालं. पहिलं फडकं फिरवलं आणि ते बघून लाज वाटली, चुलीजवळचं मसोतं बरं! सात फडकी काळी झाली. उजवा पट्टा पार गेला. डावीकडं अंगठ्याएवढी सावली राहिलीय, तिथं स्पंज दोनदा फिरवला, मग हात आवरला. टचपॅडच्या फटीतून काडीनं जे निघालं त्यात चक्क तीळ होता. चटणीत तीळ घालतो आम्ही, म्हणजे माझाच माल.

हळद चार दिवसांत फिकी झाली, एंटरच्या खालच्या कडेला जरा आहे. झाकण तसंच. लेक म्हणते, चंद्रावर परत स्टिकर लाव, बाकीचं कुणाला कळणार नाही.

सांगलीची
चटणी किलोला काय भाव लावलाय यंदा?

मंगळवारपेठकरीण
मेसेज करा. पत्ता तुम्हीच टाइप करून पाठवा, माझे हात आज मिरचीचे आहेत.