प्रतिसाद: ग्राफिक्स फक्त गेम आणि सिनेमापुरतं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की ग्राफिक्सचं संशोधन म्हणजे पडद्यावरचा धूर आणि पाणी, दवाखान्याशी त्याचा संबंध नाही. मला हे अजिबात पटत नाही.

१९८७ साली लॉरेन्सन आणि क्लाइन यांनी मांडलेली 'मार्चिंग क्यूब्स' पद्धत सीटी-एमआरआयच्या चित्रांसाठीच होती. शरीराच्या एकेका कापाच्या चित्रांची चळत रचायची, त्यातून आठ कोपऱ्यांचा एकेक घन घ्यायचा, कोणते कोपरे हाडाच्या घनतेच्या वर आणि कोणते खाली ते बघायचं, मधून त्रिकोण ओढायचे, की हाडाचा त्रिमितीय पृष्ठभाग तयार होतो. कोपऱ्यांच्या शक्यता २५६, त्यामुळे तक्ता आधीच तयार ठेवता येतो.

पाणी किंवा रक्त कसं वाहतं, या प्रवाहाचं गणित मात्र जास्त अवघड. आपल्या नाशिककरांनी गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजलाय. पुढच्या पुरात मूर्तीच्या मागे सुटणारे भोवरे नीट बघा. असे प्रवाह संगणकावर दाखवायच्या, ग्राफिक्सचे संशोधक जोस स्टॅम यांच्या १९९९च्या पद्धतीत जागेचे चौकोन पाडून केलेल्या जाळीतला प्रत्येक बिंदू 'माझ्याकडचं पाणी आलं कुठून?' हे मागे जाऊन शोधतो. त्यामुळे गणित कधी फुटत नाही, म्हणजे आकडे बेसुमार वाढत नाहीत, पण सरासरी काढता काढता नेमके हेच बारीक भोवरे विरून जातात. सिनेमात ते चालतं. फुगलेल्या धमनीत चालत नाही, कारण तिथे भिंतीला रक्त किती घासतं हेच हवं असतं. म्हणून तिथे जाळी बारीक लागते, वेळही जास्त जातो.

घरी कुणाच्या सीटीची सीडी असेल तर 'थ्रीडी स्लायसर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. घनतेची मर्यादा थोडी सरकवली की बारीक रक्तवाहिनी दिसेनाशी होते, हाड तिथेच राहतं.