मदत हवी आहे: जुना पितळी अडकित्ता कसा स्वच्छ करू?

मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारात शेवटी मनासारखा अडकित्ता मिळाला! दांडे पितळी, त्यांवर मोर कोरलेले, पातं लोखंडी, आणि सुपारी अजूनही कटकन फुटते. केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिल्यापासून असा एखादा शोधत होते. धुळीत बसून ढिगारे उपसायचे, भाव करायचा आणि हाती असं काही लागायचं, हे सुख काही औरच.

अडचण अशी, की पिसाऱ्याच्या खाचांत हिरवा कळंक चढलाय आणि खिळ्यापाशी गंज आहे. आई म्हणते, चिंच-मीठ लाव, लखलखीत होईल. होईलच, पण वर्षानुवर्षांच्या वापराने आलेली काळसर सोनेरी झाक त्यात निघून जाईल. तीच तर मला जपायचीये. शिवाय खिळ्यात पाणी शिरलं की गंज आणखी वाढायचा.

झाक न घालवता नुसता कळंक कशाने निघेल? गंजासाठी खोबरेल चालेल की मशीनचं तेल बरं? खिळाही जरा ढिला झालाय. तांबट आळीत किंवा आसपास असं काम जपून करणारे कोणी माहीत असतील तर नक्की सांगा.