मदत हवी आहे: ओल्या कचऱ्याच्या हौदांना घाण वास, सोमवारपर्यंत उपाय हवा

सदाफुली (गुरु., स. ८.४०)
प्रभागाच्या ओल्या कचऱ्यासाठी नगरपरिषदेने हौद बांधून दिलेत. भयंकर वास सुटलाय, तळाला काळं पाणी, वर वळवळ. शेजारच्या गल्लीने तक्रार केली, सोमवारी मुख्याधिकारी पाहणीला येताहेत. तोवर आवरलं नाही तर सगळं पुन्हा डेपोवर. कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) दुप्पट टाकून झालं. कुठलं कल्चर चांगलं? लवकर सांगा. "आधी लोकांना वर्गीकरण शिकवा" हा सल्ला नको, ते झालंय.

कोळपं (९.०५)
कल्चरचं नंतर. घरं किती? रोज किती किलो? हौद किती, लांबी-रुंदी-खोली? भिंतींना भोकं आहेत का? कचऱ्यात कोरडं काय मिसळता? वर छप्पर आहे का? आणि वास कसला: सडक्या अंड्यासारखा, नाकात झोंबणारा की आंबट? तिन्हींची कारणं वेगळी असतात.

गच्चीबाग (९.२०)
खूप सोप्पं आहे! तळाला भोक पाडलेला माठ घ्या, खाली नारळाच्या शेंड्या, वर रोजचा कचरा, मूठभर कोकोपीट, झाकण. दीड-दोन महिन्यांत सुंदर खत. लिंबाच्या साली कमी घाला. मुंग्या आल्या तर माल कोरडा पडलाय, पाणी शिंपडा.

गोबरधन (९.३१)
खत करता कशाला, बायोगॅस करा. १०० किलो ओल्या कचऱ्यातून ८-१० घनमीटर गॅस, म्हणजे साधारण ४ किलो एलपीजीइतकी ऊर्जा. बंद टाकी, वास नाही, माशा नाहीत. उरलेला पातळ गाळ, म्हणजे स्लरी, शेतकरी नेतात. वेंगुर्ला नगरपरिषदेने डंपिंगच्या जागेवर केलंय, बघून या.

सदाफुली (१०.१५)
@गच्चीबाग, माठ नाही हो, पूर्ण प्रभाग आहे. घरं चारशे. वजन कधी केलं नाही. हौद चार, विटांचे, ६ बाय ४, खोली ४ फूट. वर पत्रा आहे. वास सडक्या अंड्यासारखा. कोरडं काही घालत नाही, कल्चरवाला म्हणाला गरज नाही.

कोळपं (१०.४०)
कल्चरवाल्याला कल्चर विकायचंय. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ७०-८० टक्के पाणी असतं, खत पकायला ५०-६० लागतं. जास्तीचं पाणी पोकळ्या भरतं, हवा संपते, प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तुमचा वास तोच. दहापट कल्चर ओतलंत तरी हवेविना काही उपयोग नाही. कार्बन-नत्राचं प्रमाणही २५-३० ला १ हवं. भाजीचे देठ, शिळं अन्न यात नत्र जास्त, म्हणून कोरडा माल मिसळायचा.

आता हिशेब. घरटी अर्धा किलो धरा, रोज २०० किलो, म्हणजे सुमारे १६ घनफूट. कोरडा माल मिसळून २५. तुमचा हौद ९६ घनफुटांचा. माल खाली बसतो हे धरून तो सहा दिवसांत भरतो. चार हौद फिरवले की पहिल्याला पकायला १८ दिवस मिळतात. लागतात ४०-४५. आठ हौद असते तर ४२ मिळाले असते. जागाच अपुरी आहे. एकतर आणखी चार हौद, नाहीतर तूर्त दोनशे घरं.

यंत्रेश (११.०२)
हौद जुना प्रकार झाला. मशीन घ्या. २४ तासांत खत, वास शून्य. खर्च नगरपरिषद करेल.

कोळपं (११.१०)
२४ तासांत निघतो तो वाळवलेला, भरडलेला कचरा, खत नव्हे. परीक्षा घ्या: त्यातलं मूठभर ओलं करून बरणीत दोन दिवस झाकून ठेवा आणि हुंगा. वीज जाळून पाणी उडवलं, कुजण्याचं काम तसंच बाकी राहिलं.

यंत्रेश (११.१८)
सगळी मशीनं तशी नसतात. भुसा आणि कल्चर मिसळून क्रेटमध्ये दहा-पंधरा दिवस मुरवायची पद्धतही आहे.

कोळपं (११.२५)
ती मान्य. पण मग "२४ तास" कशाला सांगायचं? क्रेटच्या रॅकना जागा लागते आणि भुसाही. फिरून तिथेच आलो.

सहाचाकी (११.५०)
घंटागाडी कशी आहे? मधे पत्रा घालून निम्मी-निम्मी? मग वर्गीकरण "झालंय" यावर विश्वास नाही. सुका कचरा हलका पण फुगीर. चारशे घरांचा सुका ९०-१०० किलोच भरेल, पण जागा ओल्याच्या दुपटीहून जास्त खाईल. सुक्याचा कप्पा निम्म्या फेरीत भरतो आणि पुढच्या गल्ल्यांचा सुका ओल्यात जातो. घरोघर नीट वेगळा केलेला कचरा गाडीतच एक होतो आणि शिव्या बायकांना. ओला रोज, सुका आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, त्या दिवशी वेगळी फेरी. बंगळुरूत सुका असाच दोनदा उचलायची पद्धत राबवली गेलीय.

सदाफुली (दु. १२.३०)
निम्मी-निम्मीच आहे. हौदात प्लास्टिक येतं हेही खरं. आणि एक सांगायचं राहिलं, पाणी झिरपू नये म्हणून ठेकेदाराने हौद आतून प्लास्टर केलेत. तळाला कोबा.

कोळपं (१२.३४)
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! तो हौद नाही, टाकी आहे. तुम्ही चारशे घरांचं लोणचं घातलंय.

गोबरधन (१२.४१)
म्हणजे बायोगॅसची टाकी अर्धी तयारच आहे. झाकण घाला.

सहाचाकी (१२.४८)
@गोबरधन, सोमवार. चार दिवस. शेणाचं विरजण धरायलाच काही आठवडे जातात, घाईने जास्त कचरा घातला की आम्लता वाढून गॅस बंद. शिवाय गॅस जाळणार कोण? शेजारी हॉटेल किंवा आश्रमशाळा असेल तरच परवडतं.

कोळपं (१.२०)
सोमवारपर्यंतचं काम सांगतो.

चारही हौद एकदम उपसू नका, वासाने गाव गोळा होईल. सगळ्यात जुने दोन तसेच ठेवून त्यांवर सहा इंच पाचट (उसाचा वाळला पाला) किंवा कोरडं तयार खत पसरा आणि सोमवार उलटेपर्यंत ढवळू नका. हा थर वास बराच अडवतो. उरलेले दोन उद्या आणि परवा, रोज एक, पहाटे उपसा. प्लास्टिक तेव्हाच वेचा. मजुरांना हातमोजे आणि गमबूट द्या, वाकून हौदात तोंड घालू देऊ नका, हा वायू विषारी आहे.

रिकाम्या हौदाच्या खालच्या ओळीतल्या एकाआड एक विटा पहारीने काढा, कोब्याला त्या बाजूला उतार करून पाणी बादलीत घ्या. गटारात सोडू नका. ते पाणी पाचटावर शिंपडून जिरतं. बाजूंना फूटभर अंतरावर तीन इंची भोकं. तळाला सहा इंच काटक्या आणि करवंट्या. मधे चार इंची पीव्हीसी पाइप दोन उभे, भोकं पाडलेले.

मग एक घमेलं कचरा, एक घमेलं कोरडा माल, कालवून. थर देऊन भागत नाही, कालवावंच लागतं. तीन फुटांपेक्षा उंच भरू नका. वर चार इंच कोरडा थर. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर आणखी पाचट. तिसऱ्या दिवशी लोखंडी गज दहा मिनिटं खुपसून काढा: हाताला चटका बसला तर आत ५५ च्या वर आहे, आळ्या तिथे टिकत नाहीत. पाचव्या दिवशी पलटी.

आणि मुकादमाला सांगा, पाहणीच्या सकाळी ब्लीचिंग पावडर मारायची नाही. ती जिवाणू मारते आणि अमोनियाशी मिळून घशाला लागणारा वायू तयार होतो. चुनाही नको.

गच्चीबाग (२.०५)
दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, चीर द्या. ते तिकोनी तुकडेच खतात सापडतात. आणि "कंपोस्टेबल" पिशव्याही अशा हौदात विरघळत नाहीत.

सहाचाकी (२.११)
+१. डायपर-पॅडचं काय करता? कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा, पुण्यात तशी मोहीम झालीय. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत कचऱ्याच्या चार भागांपैकी हा एक वेगळा भाग आहे.

यंत्रेश (२.३०)
पॅडसाठी इन्सिनरेटर मिळतो.

सहाचाकी (२.३३)
आलात मशीनवर.

सदाफुली (सायं. ५.१५)
मुकादमाशी बोलले, विटा काढायला मुख्याधिकाऱ्यांची परवानगी लागेल म्हणतो. पाचट मिळेल, ऊसतोड सुरू आहे. पण आखूड कसं करू? आणि गल्लीत प्लायवूडच्या कारखान्याचा भुसा फुकट आहे, चालेल?

कोळपं (५.४०)
प्लायवूडचा नको, त्यात डिंक-रसायन असतं. लाकडाच्या वखारीतला चालेल, घमेल्याला अर्धंच घमेलं, जास्त झाला तर घट्ट बसतो. पाचट कडबाकुट्टीत घाला, दोन इंचाचे तुकडे पुरे. गुऱ्हाळावर चिपाडं वाळलेली मिळाली तर त्याहून बरं. परवानगीत अडकलात तर विटा राहू देत: पाइप घाला, करवंट्यांचा थर एक फूट करा, तळातलं पाणी रोज हातपंपाने उपसा. आणि सोमवारी साहेबांना हौदांऐवजी आधी वजनाची वही दाखवा. उद्यापासून प्रत्येक फेरीचं वजन लिहा, त्याशिवाय आणखी चार हौद मंजूर होणार नाहीत.