डावखुऱ्या मुलीसाठी उजव्या मेंदूचा क्लास: इंदुरात कुठला बरा?

सुदामानगरची: मुलगी तिसरीत, डावखुरी. शाळेबाहेर पत्रकं वाटत होते, 'उजवा मेंदू जागृत करा'. बजेट २००० रुपये, त्यावर एक पैसा नाही. कुठे घालू?

पोहेजिलेबी: विजयनगरला अबॅकस. आम्ही १५,००० भरले, पण पोरगा पाहुण्यांसमोर धडाधड बेरजा करतो. पैशाकडे बघू नका ताई.

रामबागकर: पुतण्याला डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या क्लासात घातलं होतं. नाकापाशी फट राहते, तिथून बघतात पोरं. मी फटीत कापूस कोंबला तर म्हणे, 'काका, आज मूड नाही.' फी बुडाली ती बुडालीच.

निवृत्त_मास्तर: मुळात डाव्या हाताने लिहू का देता? आमच्या वेळी छडीने सरळ व्हायचे.

माळव्याची_मावशी: माझा भाऊ असाच 'सरळ' झाला. अक्षर अजून कोंबडीचे पाय.

फिजिओभिया: लकव्याचे पेशंट रोज बघतो म्हणून सांगतो. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, हे खरं. बहुतेकांची भाषाही डावीकडेच. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६५ मध्येच मांडलं. पण डावखुऱ्यांपैकीही साधारण ७० टक्क्यांची भाषा डावीकडेच असते. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेले काही पेशंट ताटातली डावीकडची भाजी तशीच सोडतात. डोळे ठीक असतात, लक्षच जात नाही तिकडे. अमेरिकी शास्त्रज्ञ स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन्ही अर्धांमधला दुवा कापलेल्या फेफऱ्याच्या पेशंटांवरच्या कामासाठी. तुमच्या लेकीचा दुवा शाबूत आहे ना? मग एकच अर्धा काय जागा करणार? २०१३ मध्ये युटा विद्यापीठाने हजारावर स्कॅन तपासले. 'उजव्या मेंदूची माणसं' असा गट काही निघाला नाही.

पोहेजिलेबी: पण कला उजव्याच मेंदूत असते. आमच्या मॅडमनी चार्ट दाखवला होता.

मीही_डावरी: क्लास सोडा. डावखुऱ्यांची कात्री घ्या. साध्या कात्रीचं पातं कापायची रेघच झाकतं. वही जरा उजवीकडे कलती ठेवा. बाईंना सांगून बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, शेजारणीला कोपर लागणार नाही.

रामबागकर: पट्टीवाल्यांकडे जाऊ नका, परत सांगतो. फट असते.

सुदामानगरची: सगळ्यांचे आभार. कात्री मागवली. बाकी तिची मैत्रीण जाते त्या तबल्याच्या क्लासात नाव घातलं, महिना ६००. सर म्हणाले, डग्गा उजवीकडे ठेवू.

निवृत्त_मास्तर: डग्गा उजवीकडे! धन्य आहे.

पोहेजिलेबी: तबल्यापेक्षा अबॅकस बरं होतं. दुसऱ्या मुलाला सूट पण देतात.