‘फाल्सेता’ला मराठीत काय म्हणावं?

तारसप्तक: आमच्या श्रवणमंडळात येत्या रविवारी रामोन मोंतोया या स्पॅनिश गिटारवादकाची १९३६ ची पॅरिसमधली ध्वनिमुद्रणं ऐकवायची आहेत. नुसती फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाण्या-नाचाच्या परंपरेतली गिटार. गाणं नाही, नाच नाही. माहितीच्या पानावर मी ‘फाल्सेता’साठी ‘गत’ लिहिलं. सतार वाजवणाऱ्या एका काकांनी ते खोडलं. गत फिरून फिरून येते, हे एकदा वाजून पुढे जातं, असं त्यांचं म्हणणं. मग लिहू काय? गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये गिटारवाला वाजवतो तो बांधीव सुरावटीचा भाग म्हणजे फाल्सेता. एकट्या वादनात त्याच एकापुढे एक ओवलेल्या असतात, मधून मधून बोटं उलगडत सगळ्या तारा छेडणारं रास्गेआदो.

आडताल: ‘जागा’ लिहा. ‘काय जागा घेतली!’ हे आपल्याकडे कुणालाही कळतं.

सावरी: जागा तिथल्या तिथे सुचते. फाल्सेता घोटलेली असते, हाताखाली शिकलेल्याकडे जाते. गिटारवादक दिएगो देल गास्तोर १९७३ मध्ये गेला, पण त्याच्या फाल्सेता मोरोन या गावात त्याचे भाचे वाजवत राहिले. ‘तुकडा’ बरा.

उंबरा: तुकडा तबल्याचा, त्याला सूर कुठून? माझे वडील भावगीतांच्या कार्यक्रमांत ॲकॉर्डियन वाजवायचे. त्यांच्यात एकच शब्द: पीस. ‘दुसऱ्या अंतऱ्याआधीचा पीस जरा ओढून घे.’ फाल्सेताचं मूळ काम हेच.

आडताल: स्पॅनिश शब्द काढून इंग्रजी बसवायचा असेल तर फाल्सेताच राहू द्या की! भाषांतर कशाला मग?

उंबरा: तालमीत वाजवणारे रोज जो बोलतात तो मराठीच शब्द.

तारसप्तक: उंबरा, ‘पीस’ला माझी पहिली हरकत हीच होती की इथे गाणाराच नाही. पण काल त्यातली सोलेआ (हा फ्लामेंकोचा एक प्रकार) पुन्हा ऐकली. मोंतोयानं अंतोनियो चाकोन या गवयाला वर्षानुवर्षं साथ केलेली. फाल्सेता संपली की तो पुढची घाईनं सुरू करत नाही. दोन-चार आवर्तनं नुसतं कोम्पास, म्हणजे मात्रांचं फिरतं चक्र, राखतो, गवई आता तोंड उघडेल अशा बेतानं. एकट्याच्या वादनातही साथीदाराचा हात सुटलेला नाही. मला त्या वादनातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. वेग नव्हे.

नाचणी: ताई, कोम्पासला पानावर काय लिहिलंत? ‘ताल’ लिहिलंत तर लोक एकताल धरून बसतील. सोलेआच्याही बाराच मात्रा, पण जोर ३, ६, ८, १०, १२ वर. तीन-तीन-दोन-दोन-दोन अशी चाल. सुरावट दहावर येऊन बसते, अकरा-बारा वर हात मोकळा. मग दहावी मात्रा ही सम का?

सावरी: नाही. सम पहिल्या मात्रेवर.

नाचणी: मी ‘ठेका’ लिहिलं असतं. टेकण्यावरून आलेला शब्द आहे, सगळं त्यावर टेकतं. स्वतंत्र तबल्याला लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवणारी फिरती सुरावट, धरायला दुसरा माणूस लागतो. इथे ज्याचा अंगठा सुरावट वाजवतो त्याचाच पाय आवर्तन धरतो, आणि मधूनच बोट गिटारच्या पोटावर ठोका देतं.

उंबरा: ठेका हिंदीतही ठेकाच आहे. टेकण्याची व्युत्पत्ती मला ओढून आणलेली वाटते.

आडताल: सावरी, रूपक तालाची सम ‘खाली’वर येते ना? तिथे चालते आणि इथे दहाव्या मात्रेवर चालत नाही? सम म्हणजे सगळे पोचतात ती मात्रा.

सावरी: रूपकातही ती पहिलीच मात्रा आहे, टाळीऐवजी खाली दाखवतात एवढंच. समेवरून आवर्तन सुरू होतं. सोलेआत दहाव्या मात्रेवर ते मिटतं. मिटण्याच्या जागेला मी सम म्हणणार नाही.

आडताल: तिहाई, तोच तुकडा तीनदा वाजवतात ती, समेवर येऊन मिटते की!